खिशांतले कागद : कातिनच्या मृत युद्धकैद्यांची ओळख कशी पटली

१३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिन नभोवाणीने एक बातमी प्रसारित केली. रशियातील स्मोलेन्स्क शहराजवळ कातिनच्या जंगलात हजारो पोलिश लष्करी अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडली असून त्यांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी डोक्यात गोळ्या घालून मारले आहे, असे तीत म्हटले होते. दोनच दिवसांत मॉस्कोचे उत्तर आले. ते पोलिश कैदी स्मोलेन्स्कच्या पश्चिमेला बांधकामावर होते, १९४१ च्या उन्हाळ्यात ते जर्मनांच्या हाती सापडले आणि जर्मनांनीच त्यांना ठार केले, असा सोव्हिएत खुलासा होता.

खोटे बोलण्याचा सराव दोन्ही बाजूंना दांडगा होता. कातिनच्या मृतांसाठी अश्रू ढाळणारे जर्मन सैन्य त्याच आठवड्यात वॉर्सातील ज्यूंची कोंडवस्ती बेचिराख करायला निघाले होते. त्यामुळे बोलणाऱ्याच्या चारित्र्यावरून निवाडा करण्याची सोय नव्हती. मात्र वादाचा निकाल एका साध्या गोष्टीवर अवलंबून होता, ती म्हणजे तारीख. स्मोलेन्स्क जर्मनांच्या ताब्यात गेले जुलै १९४१ मध्ये. हे अधिकारी १९४० च्या वसंतात मेले असतील तर मारणारे सोव्हिएत होते. १९४१ च्या शरदात मेले असतील तर जर्मन. आणि ती तारीख मृतांच्या खिशांत होती.

थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत हाती लागलेल्या कैद्यांपैकी अधिकारी, पोलीस आणि सीमारक्षक यांना तीन खास छावण्यांत वेगळे ठेवण्यात आले: कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव. या छावण्या सैन्याच्या नव्हे, तर एन.के.व्ही.डी. या गुप्त पोलीस खात्याच्या अखत्यारीत होत्या, हे लक्षात ठेवायला हवे. कैद्यांत बरेचसे राखीव दलातले अधिकारी होते. म्हणजे युद्धापूर्वीचे डॉक्टर, वकील, अभियंते, शिक्षक, प्राध्यापक. ५ मार्च १९४० रोजी बेरियाच्या प्रस्तावावर स्टालिन, व्होरोशिलोव, मोलोतोव आणि मिकोयान यांनी सह्या केल्या आणि या कैद्यांना खटल्याविना गोळ्या घालण्याचा निर्णय झाला.

कोझेल्स्कचे कैदी कातिनला नेण्यात आले, स्तारोबेल्स्कचे खार्किवला आणि ओस्ताश्कोवचे कालिनिनला, म्हणजे आजच्या त्वेर शहरात. १९५९ साली गुप्त पोलीस खात्याचा तत्कालीन प्रमुख शेलेपिन याने ख्रुश्चेव्हला पाठवलेल्या टिपणात एकूण आकडा २१,८५७ असा दिला आहे. त्यांतले ४,४२१ कातिनचे.

आता पत्रांविषयी. नोव्हेंबर १९३९ पासून कोझेल्स्कच्या कैद्यांना महिन्यातून एकदा घरी पत्र लिहिण्याची मुभा होती. घरून उत्तरे येत. बायकांची, आईवडिलांची, मुलांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेली ती पत्रे कैदी अंगरख्याच्या आतल्या खिशात जपून ठेवत. पण पत्त्यांचा उपयोग आणखी एका कामासाठी झाला. ७ मार्च १९४० रोजी, म्हणजे मृत्यूचा निर्णय होऊन दोन दिवस झाले असताना, बेरियाने या कैद्यांच्या कुटुंबीयांच्या याद्या पत्त्यांसह तयार करण्याचा हुकूम दिला. १३ एप्रिलला सोव्हिएतव्याप्त पोलंडमधील ती कुटुंबे घरांतून उचलली गेली आणि सुमारे ६० हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, मालगाड्यांतून कझाकस्तानला पाठवण्यात आली. तिकडे पतीला जंगलात नेले जात होते आणि इकडे पत्नीला गाडीत चढवले जात होते, ते एकाच महिन्यात.

या आणि अशाच इतर हद्दपाऱ्यांतून वाचलेले काही पोलिश लोक पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. त्यांच्यासाठी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात जी वसाहत होती, तीत सुमारे पाच हजार पोलिश राहत होते. (ती जागा पुढे सिंधी निर्वासितांनी वसवली, आजचे गांधीनगर ते हेच.) वळिवड्याची वसाहत उभी राहत होती त्याच वर्षी कातिनमध्ये थडगी खणली जात होती. कोल्हापूरच्या इतिहासात ही पोलिश वसाहत बहुधा आतिथ्याची कथा म्हणून सांगितली जाते. ते योग्यच आहे; पण त्या बराकींत पुरुष इतके कमी का होते, हा प्रश्न त्या कथेत क्वचितच विचारला जातो.

१९४० च्या वसंतात पत्रे एकाएकी थांबली. घरच्यांनी पाठवलेली पत्रे ‘निघून गेले’ अशा अर्थाचा शिक्का बसून परत येऊ लागली. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, पोलंड आणि सोव्हिएत संघ मित्र झाले, आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली रशियातच नवे पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्या सैन्याकडे शिपाई येत होते, अधिकारी येत नव्हते. तीन छावण्यांतून जिवंत राहिलेले जेमतेम चारशेच्या घरात होते. त्यांपैकीच एक, चित्रकार युझेफ चाप्स्की, यांच्याकडे बेपत्ता सहकाऱ्यांचा शोध सोपवण्यात आला आणि त्यांनी आठवणीतून हजारो नावांची यादी जमवली. ३ डिसेंबर १९४१ रोजी पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की यांनी स्टालिनला समोरासमोर विचारले तेव्हा, ते पळून गेले असावेत, कदाचित मांचुरियात, असे उत्तर मिळाले. हजारो अधिकारी पायी मांचुरियाला गेले आणि एकानेही घरी चार ओळी लिहिल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होता.

आता १९४३ कडे परत. उत्खननाचे प्रमुख होते ब्रेस्लाउ विद्यापीठातील न्यायवैद्यकाचे जर्मन प्राध्यापक गेरहार्ड बुट्झ. एप्रिलच्या अखेरीस जर्मनांनी निरनिराळ्या देशांतील बारा न्यायवैद्यक तज्ज्ञांना तेथे आणले. पण खरे जिकिरीचे काम केले ते पोलिश रेड क्रॉसच्या तांत्रिक पथकाने. या पथकात क्राकोवचे तरुण न्यायवैद्यक डॉक्टर मारियान वोजिन्स्की होते. या माणसांची कोंडी समजून घेतली पाहिजे. ज्यांनी आपला देश चिरडला त्यांच्याच गाड्यांतून, त्यांच्याच पहाऱ्यात, त्यांच्याच प्रचाराला उपयोगी पडेल असे काम करायचे होते. ते नाकारले असते तर मृतांची नावे जर्मनांच्या मर्जीवर राहिली असती. त्यांनी काम स्वीकारले आणि भाषणबाजीपासून स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा याच कामापायी वोजिन्स्की यांच्यामागे पोलीस लागले आणि त्यांना देश सोडून ब्रिटनमध्ये आसरा घ्यावा लागला.

काम असे चाले. वाळूमिश्रित मातीत एकावर एक दाबले गेलेले देह एकमेकांना चिकटलेले होते. ते एकेक करून सोडवावे लागत. देह बाहेर काढून ओळीत ठेवला जाई. सुरीने खिसे आणि बुटांच्या माना कापून आत सापडेल ते सर्व एका लिफाफ्यात घातले जाई. लिफाफ्याला एक क्रमांक आणि तोच क्रमांक कोरलेली धातूची चकती देहाला. नंतर वैद्यकीय तपासणी होई. जवळजवळ प्रत्येक कवटीत मानेच्या वरच्या बाजूने गोळी शिरलेली. काहींचे हात मागे बांधलेले. लिफाफे थोड्या अंतरावरच्या एका घरात जात. तेथे पोलिश आणि जर्मन माणसे एकत्र बसून ते उघडत. कुजलेल्या चरबीचा साबणासारखा थर कागदांवर चढलेला असे. तो लाकडी काड्यांनी खरवडून अक्षर वाचायचे. उन्हाळा चढू लागला तसा दुर्गंध आणि माश्या असह्य होत गेल्या. जूनच्या सुरुवातीला काम थांबले. तोवर चार हजारांहून अधिक देह बाहेर निघाले होते आणि त्यांतल्या सुमारे २,८०० जणांना नाव मिळाले होते.

तीन वर्षे मातीत राहिलेल्या, चेहरा उरलेला नसलेल्या माणसांच्या बाबतीत दर तिघांमागे जवळपास दोघांची ओळख पटणे, तेही जनुकीय चाचणीच्या कित्येक दशके आधी, हे असाधारण आहे. त्याचे कारण थोडे विचित्र आहे. मारेकऱ्यांनी घड्याळे, पैसे, चाकू, अंगठ्या काढून घेतल्या, मात्र कागद बहुतांशी तसेच राहू दिले. कागदांना किंमत नव्हती. ओळखपत्रे, बचतखात्याची पुस्तके, भेटीची कार्डे, घरची पत्रे, छायाचित्रे आणि कोझेल्स्क छावणीत रोगप्रतिबंधक लस टोचल्याचे दाखले असे सारे सापडले. कैद्यांनी छावणीत लाकडातून कोरलेल्या सिगारेटच्या डब्याही होत्या, काहींवर छावणीचे नाव आणि ‘१९४०’ हे साल. कागदावरून ओळख पटवण्यात धोकाही होता. एखाद्याच्या खिशात मित्राचे पत्र असू शकते, कोणी दुसऱ्याचा कोट घातलेला असू शकतो. त्यामुळे एकाच कागदाच्या आधारे दिलेली काही नावे पुढे तपासावी लागली. तरीही वर्तमानपत्रांत याद्या छापून येऊ लागल्या तेव्हा व्याप्त पोलंडमधील घराघरांत त्या बोट ठेवून वाचल्या गेल्या.

आणि तारीख? पत्रे, वर्तमानपत्रे, दैनंदिन्या या सगळ्यांत १९४० च्या वसंतानंतरचे काहीही नव्हते. मेजर आदाम सोल्स्की यांची दैनंदिनी ९ एप्रिल १९४० पर्यंत येते. पहाटे कैद्यांच्या गाडीतून प्रवास, मग जंगल, उन्हाळी विश्रामगृहासारखी जागा, कसून झडती. घड्याळ काढून घेतले, लग्नाच्या अंगठीविषयी विचारले, पट्टा आणि चाकूही नेला, अशा नोंदी करून ते लेखन थांबते. मरणाच्या दारापर्यंत एक माणूस वेळ टिपत होता. पुरावा म्हणून त्या नोंदीचे मोल कितीतरी वैद्यकीय अहवालांपेक्षा अधिक आहे.

वैद्यकीय आणि भौतिक पुरावे दोन्ही बाजूंना ओढता येण्यासारखे होते. थडग्यांत सापडलेल्या गोळ्या ७.६५ मिलिमीटरच्या, जर्मन कारखान्यात बनलेल्या होत्या. गोबेल्ससाठी ही मोठीच अडचण होती. त्या बनावटीची काडतुसे युद्धापूर्वी सोव्हिएत संघाला आणि शेजारच्या देशांना विकली गेली होती हे खरे. पण केवळ गोळ्यांवर खटला चालला असता तर उलटा निकाल लागू शकला असता. थडग्यांवर लावलेल्या पाइनच्या रोपांच्या वाढीवरून ती सुमारे तीन वर्षांपूर्वी तेथे आणून लावली गेली, असा निष्कर्ष वनतज्ज्ञाने काढला. उपयुक्त, तरी निर्णायक नव्हे. निर्णायक होते ते कागद, आणि ही गोष्ट सोव्हिएतांना नीट कळली होती.

म्हणूनच सप्टेंबर १९४३ मध्ये स्मोलेन्स्क परत मिळताच त्यांनी तो प्रदेश बंद केला. जानेवारी १९४४ मध्ये शल्यचिकित्सक निकोलाय बुर्देन्को यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने पुन्हा थडगी उघडली, ९२५ देह तपासले आणि ही हत्या १९४१ च्या शरदात जर्मनांनी केली असा निष्कर्ष काढला. त्यासाठी मृतांच्या अंगावर सापडलेले म्हणून काही कागद पुढे केले. त्यांवर नोव्हेंबर १९४० ते जून १९४१ या तारखा होत्या. एक होते न पाठवलेले पोस्टकार्ड, २० जून १९४१ चे. ज्याच्या नावाने ते लिहिलेले होते तो अधिकारी कोझेल्स्कचा नव्हेच, स्तारोबेल्स्कचा कैदी होता. चार हजारांहून अधिक लिफाफ्यांत १९४० च्या मे महिन्यानंतरचा एकही कागद नाही आणि सोव्हिएत आयोगाला मात्र नेमके तेवढेच मिळतात, एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. न्यूरेंबर्ग खटल्यात सोव्हिएत वकिलांनी कातिनचा आरोप जर्मनांवर ठेवला. न्यायालयाने निकालपत्रात त्याचा उल्लेखच टाळला.

मूळ लिफाफ्यांचे काय झाले? ते क्राकोवला गेले होते. तेथील न्यायवैद्यक संस्थेत रसायनतज्ज्ञ यान रोबेल आणि त्यांचे सहकारी कागद स्वच्छ करून वाचत होते. आणि जर्मनांच्या नकळत दैनंदिन्यांच्या आणि इतर मजकुराच्या प्रती करून ठेवत होते. १९४४ मध्ये रशियन सैन्य जवळ येऊ लागले तेव्हा जर्मनांनी सगळे साहित्य नऊ पेट्यांत भरून पश्चिमेकडे हलवले. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत ड्रेस्डेनजवळ त्या पेट्या जाळून टाकल्या गेल्या असे मानले जाते. गुप्तपणे केलेल्या प्रतींचा एक गठ्ठा मात्र १९९१ साली क्राकोवमधील त्या संस्थेच्या इमारतीची दुरुस्ती चालू असताना सापडला. मधल्या ४५ वर्षांत पोलंडमध्ये कातिनविषयी खरी तारीख उघडपणे उच्चारणे हा गुन्हा ठरत होता. मृतांच्या थडग्यांवर १९४१ हे साल कोरण्याची सक्ती होती.

ती तारीख अखेर सुटली ती मॉस्कोतच. १९८० च्या दशकाच्या शेवटी नतालिया लेबेदेवा, व्हालेंतिना पार्सादानोवा आणि युरी झोर्या या सोव्हिएत इतिहासकारांना अभिलेखागारात कोझेल्स्कच्या कैद्यांना ‘स्मोलेन्स्कच्या एन.के.व्ही.डी. प्रमुखाच्या स्वाधीन’ करण्याच्या याद्या मिळाल्या. कैदी तुकड्यांनी पाठवले जात आणि प्रत्येक तुकडीची यादी असे. झोर्या यांनी या याद्या १९४३ च्या उत्खननाच्या यादीशी ताडून पाहिल्या. एका यादीतील माणसे थडग्यातही एकमेकांच्या जवळ होती. छावणीतून जे एकत्र निघाले ते एकत्रच मारले गेले होते. म्हणजे कोझेल्स्क सोडणे आणि मृत्यू यांमध्ये दीड वर्षाच्या बांधकामाला जागाच उरत नव्हती. १९४३ ची ओळख आणि १९४० ची नोंद एकमेकींच्या साक्षीदार ठरल्या. युरी झोर्या यांचे वडील निकोलाय हे न्यूरेंबर्गला सोव्हिएत वकिलांच्या पथकात होते आणि मे १९४६ मध्ये तेथेच त्यांचा बंदुकीच्या गोळीने संशयास्पद मृत्यू झाला होता. १३ एप्रिल १९९० रोजी सोव्हिएत सरकारने जबाबदारी मान्य केली आणि गोर्बाचेव्ह यांनी याद्या पोलंडच्या अध्यक्षांना दिल्या. बेरियाचा प्रस्ताव आणि त्यावरील सह्या ऑक्टोबर १९९२ मध्ये उघड झाल्या.

एका ओळखीची हकिगत स्वतंत्रपणे सांगावी लागेल. कातिनच्या मृतांत एक स्त्री होती: वैमानिक सेकंड लेफ्टनंट यानिना लेवान्दोव्स्का. तिचे वडील जनरल युझेफ दोवबोर-मुश्नित्स्की यांनी बोल्शेविकांशी लढाई केली होती. त्यामुळे कैदेत तिने वडिलांचे नाव आणि स्वतःचे जन्मवर्ष बदलून सांगितले. १९४३ च्या छापील यादीत तिचा उल्लेख नाही. पण उत्खनन संपल्यावर बुट्झ यांनी सात कवट्या ब्रेस्लाउला नेल्या होत्या. युद्धानंतर ते शहर पोलंडकडे येऊन त्याचे व्रोत्स्वाव झाले आणि तेथे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक म्हणून आलेल्या बोलेस्वाव पोपिएल्स्की यांच्या हाती या कवट्या पडल्या. त्या काय आहेत हे त्यांनी ओळखले, आणि ती गोष्ट बोलून दाखवली तर त्या नष्ट होतील हेही. त्यांनी त्या अनेक दशके लपवून ठेवल्या आणि आयुष्याच्या अखेरीस, १९९७ मध्ये, हे सांगितले. २००५ साली त्यांतील एका कवटीची प्रतिमा संगणकावर यानिनाच्या छायाचित्रांवर ठेवून पाहिली गेली आणि ती तिचीच असल्याचे निश्चित झाले. ४ नोव्हेंबर २००५ रोजी पोझ्नानजवळच्या लुसोवो गावी तिला कुटुंबाच्या थडग्यात दफन करण्यात आले. तिची धाकटी बहीण अग्निएश्का हिला जून १९४० मध्ये वॉर्साजवळ पाल्मिरीच्या जंगलात जर्मनांनी गोळी घालून मारले होते.

बाकीच्यांच्या वाट्याला अशी ओळख आली नाही. कातिनला दोन जनरल, स्मोराविन्स्की आणि बोहातिरेविच, १९४३ मध्येच ओळखले गेल्याने स्वतंत्र थडग्यांत आहेत. इतर सर्व सहा सामूहिक थडग्यांत. खार्किव आणि मेद्नोये येथे १९९१ पासून उत्खनन झाले, तेथे मृतांची नावे मुख्यतः एन.के.व्ही.डी.च्या याद्यांवरूनच मिळाली, देहावरून क्वचित. २००० साली तिन्ही ठिकाणी स्मशानभूमी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक नावाची पाटी लागली.

शेलेपिनच्या आकड्यातले ७,३०५ जण मात्र छावण्यांतले नव्हते. ते पश्चिम युक्रेन आणि पश्चिम बेलारूसमधील तुरुंगांतून मारले गेले. युक्रेनमधील ३,४३५ नावांची यादी १९९४ मध्ये पोलंडला मिळाली. बेलारूसमध्ये मारल्या गेलेल्या उरलेल्या ३,८७० जणांची यादी आजवर सापडलेली नाही. मिन्स्कजवळील कुरोपाती येथील सामूहिक थडग्यांत त्यांतील काही असावेत असा अनेक संशोधकांचा कयास आहे.